बिनबटणाचा माऊस

तुम्ही कधी मेला आहात का?

कागदावर म्हणतेय मी. खरा मेलेला माणूस हे वाचत नाही, एवढं मलाही कळतं. पण तुम्ही शेतात कापूस वेचताय, भाकर खाताय, पायात काटा गेला तर ओरडताय, आणि सरकारी पडद्यावर तुमच्या नावापुढे ‘मयत’ लिहिलंय, असं झालंय कधी?

रमिलाबाईंचं झालं. मोलगीच्या वरच्या अंगाला डोंगरात त्यांचं घर. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. दिवाळीनंतर डोंगरातली माणसं कापूस वेचायला सपाटीवर उतरतात, तशा त्याही उतरतात आणि होळीपर्यंत रनाळ्याला एका शेतावर राहतात. निराधार पेन्शन चालू राहावी म्हणून वर्षातून एकदा ‘मी हयात आहे’ असा अर्ज भरावा लागतो. ह्या वर्षी तो त्यांनी रनाळ्याच्या ऑनलाईन अर्जांच्या केंद्रातच भरला. पुढच्या महिन्यापासून पेन्शन बंद. मी मोलगीतच संघटनेचं काम करते. तालुक्याच्या कचेरीत चौकशीला गेले, तर कारकून पडद्याकडे बघत म्हणाला, “ताई, ही बाई तर वारलीय ना?”

“ही बघ वारलेली बाई,” मी म्हटलं. “तुझ्या खिडकीला टेकून उभी आहे.”

तो हसला. मी नाही हसले. अर्ज रनाळ्याहून गेला होता, म्हणून रमिलाबाईंना घेऊन त्याच दिवशी मी रनाळ्याची गाडी धरली.

स्टँडवर अमृतच्या पानटपरीवर केंद्र उघडं आहे का ते विचारलं. “रतिलालकडे? सकायले येवानं व्हतं बहीण,” तो म्हणाला, “दुपारले हात जास्त कापस त्याना.” आणि अंगठा तोंडाकडे नेऊन त्याने डोळा मारला. टपरीवरचे चार जण खिदळले.

मला तेवढं पुरलं.

केंद्र म्हणजे घराची पुढची खोली. एका बाजूला संगणक, दुसऱ्या बाजूला शिलाई मशीन. मशीनवर रतिलालभाऊंची बायको कमलबाई ब्लाऊज शिवत होत्या. रतिलालभाऊ पन्नाशीचे, इस्त्रीचा पांढरा सदरा, दोन्ही हात टेबलाखाली.

“ह्यांना ओळखता?” मी रमिलाबाईंना पुढे केलं.

“रमिलाबाई. हयातीचा अर्ज मीच भरेल शे त्यासना.”

“मग ह्या मेल्या कधी?” मी कचेरीतून आणलेला कागद त्यांच्यासमोर आपटला.

त्यांनी तो उचलला. पंख्याखाली धरल्यासारखा कागद फडफडायला लागला. पंखा बंद होता. कागद वाचता वाचता माणूस पांढरा पडला, पण मी चेहरा कुठे बघत होते? मी हात बघत होते.

“किती घेतलीय?” मी विचारलं.

शिलाई मशीन थांबलं. “काय बोलनी तू?” कमलबाई उठल्या.

मी त्यांच्याकडे बघितलंही नाही. तिथेच उभ्या उभ्या मोबाईलवर तक्रार लिहिली: ‘केंद्रचालक नशेत काम करतो व जिवंत लाभार्थ्यांना मयत दाखवतो.’ जिल्ह्याच्या कचेरीला आणि आमच्या संघटनेच्या ग्रुपवर पाठवूनही टाकली. ‘नशेत’ हा शब्द मी घातला. माझी बोटं जराही कापली नाहीत.

मग कमलबाईंनी कपाटातून एक फाईल काढली आणि माझ्या अंगावर फेकली. सुरतच्या डॉक्टरची, दहा वर्षांची फाईल. हात कापण्याचाच आजार, दुसरं काही नाही. गोळी घेतली की हात थोडा थांबतो आणि माणूस बसल्या जागी झोपतो. दारूचा थेंब ह्या माणसाने जन्मात घेतलेला नाही. आणि ही गोष्ट गावात कुणाला सांगायची नाही, अशी शपथ त्यानेच बायकोला घातलेली. लोक दारुडा म्हणतात तर म्हणू देत, रोगी म्हटलं तर कामच कोणी देणार नाही, असा त्याचा हिशेब.

दोन दिवसांनी तपासणीचे साहेब आले. पेन्शनच्या पानावर ‘हयात’ आणि ‘मयत’ असे दोन गोल शेजारी शेजारी. रतिलालभाऊंनी लपवाछपवी केली नाही. दाबताना हात उडाला असणार, माझ्या लक्षात आलं नाही, असं सरळ सांगितलं. साहेब म्हणाले, “पुढच्या गुरुवारी येतो. माझ्यासमोर पाच अर्ज भरायचे. एक जरी चुकला तर तुझा आयडी बंद. आणि बायकोला बसवायचं नाही. आयडी तुझा, बसायचंही तूच.”

आयडी बंद म्हणजे केंद्र बंद. त्या घरात दुसरं काही नव्हतं.

साहेबांची गाडी गेली तशी मी म्हटलं, “भाऊ, मी तक्रार मागे घेते.”

“घेवू नको,” ते म्हणाले. “‘नशेत’ तेवढं खोडी टाक. बाकीनं खरं शे. ती बाई मन्हाच हाते मरनी.”

मी तो शब्द लेखी खोडला, आणि मोलगीला परत गेले नाही. रमिलाबाई शेतावर गेल्या, मी त्या घराच्या ओसरीवर राहिले. कमलबाई मला दोन वेळा ताट वाढायच्या, वर तूप वाढायच्या, आणि एक शब्द बोलायच्या नाहीत. मोर्चात काठ्या खाल्ल्यात मी. ते ताट गिळणं त्याहून अवघड होतं.

आता हा माणूस कोण, ते सांगते.

रतिलालभाऊंनी नंदुरबारला आयटीआय केलं, वायरमनचं. मग वीस वर्षं विहिरींच्या जळलेल्या मोटारी नव्या तारेने भरल्या, स्टार्टर दुरुस्त केले. रनाळ्यापासून कोरीटपर्यंत ज्याची मोटार जळली तो ह्यांच्या दारात. केसाएवढी तांब्याची तार न बघता गुंडाळणारी बोटं. चाळिशीत ती बोटं कापायला लागली. तार तुटायला लागली. तेव्हा त्यांनी ते काम आपणहून सोडलं आणि केंद्र घेतलं, कारण संगणकावर काय, बोट ठेवायचं आणि दाबायचं, असं वाटलं. ते ‘दाबायचं’च त्यांना नडलं.

माऊस हलवला की पडद्यावरचा बाण मुंगळ्यासारखा थरथरायचा. तर ह्यांनी काय केलं? मोटार बिघडली की खोलायची, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी माऊस खोलला.

मला ते असं समजावलं: माऊसमध्ये एक डोळा असतो आणि एक मेंदू. डोळा खालचं टेबल बघतो आणि मेंदूला सांगतो, इकडे इतकं सरकलो. मेंदू ते संगणकाला कळवतो. काय कळवायचं आणि काय गिळायचं हे मेंदूत लिहिलेलं असतं. त्याला फर्मवेअर म्हणतात. विकतच्या माऊसचं फर्मवेअर आपल्याला बदलता येत नाही. म्हणून त्यांनी डोळा वेगळा मागवला, मेंदू वेगळा. मेंदू म्हणजे अर्ध्या काडेपेटीएवढं बोर्ड, ज्यात आपल्याला हवं ते लिहिता येतं. शिकले कुठे? मोबाईलवर व्हिडिओ बघून, थांबवून, वहीत उतरवून. इंग्रजी शब्द कळला नाही की त्याचं चित्र काढून.

माऊसचं अंग केलं अर्ध्या करवंटीचं, कारण ती तळव्यात बसते. आत सुभाषचंद शेठच्या किराणा दुकानातलं दोनशे ग्रॅमचं लोखंडी माप बसवलं. दुकानात विजेचा काटा आला तेव्हापासून ती मापं पडूनच होती. वजन असलं की हात कमी उडतो.

आणि मग फर्मवेअर. स्वतःच्या हाताचा व्हिडिओ काढला, तो हळू चालवून मोजलं: हात सेकंदाला सात वेळा कापतो. मग मेंदूला लिहून दिलं की डोळा सांगेल ते लगेच पुढे सांगू नकोस. एका थरथरीएवढा वेळ थांब, तेवढ्या वेळातलं सगळं मिळव, सरासरी काढ आणि तेवढंच सांग. डावीकडचा झटका आणि उजवीकडचा झटका एकमेकांना खातात, उरतं ते माणसाच्या मनातलं. बाण किंचित मागून येतो, पण सरळ येतो.

मी पडद्यावर बघितलं. टेबलावर करवंटी कडकड वाजत होती आणि बाण पाण्यावरच्या होडीसारखा शांत चालला होता.

“मग झालं की!” मी म्हटलं.

“काय झालं? दाबू दे.” त्यांनी करवंटीवरचं बटण दाबलं. दाबायच्या जोराने हात उडाला आणि बाण दोन ओळी खाली. “देखं?”

गुरुवारपर्यंत सहा दिवस होते.

शनिवारी त्यांनी क्लिक हातातून काढून पायात दिलं. कमलबाईंच्या मशीनला पूर्वी मोटार होती, तिचा पायाने दाबायचा पेडल पडून होता. त्याची वायर बोर्डला जोडली. हाताने बाण न्यायचा, पायाने दाबायचं. पण एकदा दाबलं की क्लिक दोनदा, तीनदा पडायचं. सरावाचा अर्ज दोनदा गेला. मी घाबरले. ते उलट हसले, त्या आठवड्यात पहिल्यांदा. स्टार्टरच्या आतल्या पत्र्याचा हा आजार त्यांना पाठ होता. पत्रा एकदा टेकत नाही, टेकून उडतो, परत टेकतो. त्यांनी मेंदूला एक ओळ लिहिली: एकदा टेकलं की पुढची उडी मोजू नको. दोनदा पडणं बंद.

रविवारी वीस अर्ज सरावाचे, एकही चूक नाही. कमलबाईंनी त्या दिवशी मला विचारलं, “अजून भात देवू का?” माझं पोट भरलेलं होतं. मी भात घेतला.

सोमवारी नोजीबाई आल्या. सुभाषचंद शेठच्या आई, ऐंशीच्या पुढच्या, डोक्यावरून पदर, हातात काठी. त्यांचंही कसलंसं हयातीचंच काम होतं. रतिलालभाऊंनी बाण त्यांच्या नावासमोरच्या गोलावर नेला आणि पाय दाबला. टक.

म्हातारीने खाली वाकून बघितलं. पाय दिसला. पडद्याकडे बघितलं. स्वतःचं नाव दिसलं.

“क्यों रे रतिलाल! मेरे नाम पे पाँव देता है?”

“आजी, ते तसं नही…”

“तसं नाही तर कसं? नाम उप्पर, पाँव नीचे, और टक! वजन हमारी दुकान का, आणि पाय तुझा?” करवंटीतलं माप तिच्याच दुकानचं, हे तिला माहीत होतं. “वही को पाँव लगा तो माथे से लगाते हैं आपण. आणि तू माणसाच्या नावाला पाय लावतो?”

बाहेर ओट्यावर सात-आठ माणसं रांगेत होती. सगळ्यांनी ऐकलं. एकाने आपला कागद परत खिशात घातला. दुसरा म्हणाला, “मन्ही मायनं नाव शे त्यामा. पायवरी नको भाऊ.” अर्ध्या तासात ओटा रिकामा. मला राग आला. असल्या माणसांसाठी राबायचं का? मी बाहेर जाऊन ओरडणार होते की पाय काय, हात काय, यंत्राला काय कळतं.

रतिलालभाऊंनी मला थांबवलं. “त्या खोटं नही बोली ऱ्हायन्या,” ते म्हणाले. “मन्हा बापनं नाव ऱ्हातं तर मी पाय ठेवता का?”

त्यांनी पेडलची वायर काढली. गुरुवारला तीन दिवस उरले आणि क्लिक परत अधांतरी.

नोजीबाई काठी टेकून अजून तिथेच उभ्या होत्या. त्यांचं काम राहिलेलं ना. “पाँव नको, तुझा हात तर नाचतो,” त्या म्हणाल्या. “मग मला दे. मेरा नाम है, मैं दबाती.”

त्या सहज बोलल्या. रतिलालभाऊ मात्र हातातली वायर तशीच धरून बसले. मग उठले, घराच्या दारावरची घंटी होती, तिचं पांढरं बटण स्क्रू काढून आणलं, त्याला लांब वायर लावली आणि ते टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, अर्जदाराच्या समोर ठेवलं.

करवंटीवरचं बटण त्यांनी काढूनच टाकलं. मंगळवारभर फर्मवेअर नव्याने लिहिलं. बाण एका जागी स्थिर झाला की मेंदू त्याला तिथेच कुलूप लावेल आणि करवंटीवरचा बारका दिवा पेटेल. दिवा पेटल्याशिवाय घंटीचं बटण मुकं. दिवा पेटला की रतिलालभाऊ मोठ्याने वाचतील. ऐकून ज्याचं नाव त्याने बटण दाबायचं, एक सेकंदभर धरायचं. ओझरता धक्का लागला तर चालणार नाही. एकदा क्लिक गेलं की बाण हलेपर्यंत बटण परत मुकं.

बुधवारी रमिलाबाईंना शेतावरून आणलं. त्यांना वाचता येत नाही. मी आमच्या डोंगरातल्या बोलीत समजावलं: दिवा बघायचा, कान द्यायचा, मग दाबायचं. समोरच्याने वाचून दाखवल्याशिवाय दाबायचं नाही. त्यांनी तीनदा करून दाखवलं. चौथ्या वेळी रतिलालभाऊ मुद्दाम गप्प बसले. रमिलाबाईंचा हात बटणावर गेला, थांबला. त्यांनी वर बघितलं आणि म्हणाल्या, “वाच.”

गुरुवारी अकराला साहेब आले. गावही आलं. अमृत टपरी सोडून आलेला. सगळ्यांना बघायचं होतं, आज रतिलालचं काय होतं ते.

साहेबांची नजर करवंटीवर गेली. “हे काय आहे?”

“माऊस, साहेब. घरी करेल शे.”

“ह्यात काय भरलंय? आपोआप दाबणारे प्रोग्राम असतात, माहितीये मला. एकाने असंच करून रात्रीत शेकडो अर्ज सोडले होते.” त्यांनी केबल उपसली आणि बॅगेतून स्वतःचा कंपनीचा माऊस काढून जोडला. “ह्याच्यावर कर.”

रतिलालभाऊ बसले. बाण पडद्यावर माशीसारखा उडत होता. मोठ्या कष्टाने त्यांनी तो ‘हयात’वर नेला. हयात, मयत, हयात, मयत. मला वाटलं, आता दाबतील आणि जे व्हायचं ते होईल.

त्यांनी हात काढून घेतला.

“मी दाबत नही, साहेब.”

“म्हणजे?”

“असाच दाबेल व्हतं मी. तवयच ही बाई मरनी. आयडी घ्या मन्हा. पण परत दाबत नही.”

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. त्या कागदावर काय लिहिलं जाणार ते खोलीतल्या सगळ्यांना कळलं. कमलबाईंनी मशीनच्या चाकावर हात ठेवला होता, तो तसाच राहिला.

मी पुढे झाले. “साहेब, लिहिण्याआधी एक वाचा. अर्जाच्या खाली काय छापलंय?”

“तुम्हीच ना तक्रार केलेली?”

“मीच. वाचा ना.”

“‘मी स्वतः घोषित करते की…’”

“हा ‘मी’ कोण? रतिलाल? का ही बाई? आजवर तुमच्या सगळ्या केंद्रांत घोषित करणारी बाई बाकावर बसते आणि दाबतो भलताच. इथे पहिल्यांदा बाईच दाबणार आहे. तुमच्या नियमात हे चूक कुठे बसतं ते दाखवा, मी आत्ता गप्प बसते.”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, रमिलाबाईंसमोरच्या पांढऱ्या बटणाकडे बघितलं, टोपण परत लावलं. “लाव तुझी करवंटी.”

करवंटी जोडली. बाण निघाला, मागून पण सरळ. ‘हयात’वर आला. आता दिवा पेटायला हवा.

पेटला नाही.

रतिलालभाऊंनी हात दाबून धरला. करवंटी टेबलावर कडकडत होती. दिवा नाही. मी त्यांच्या कपाळावरचा घाम बघितला आणि मला कळलं काय झालंय. हात किती स्थिर म्हणजे स्थिर, हा आकडा त्यांनी आठवडाभर घरात, बायकोच्या मशीनच्या आवाजात मोजला होता. साहेब मागे उभे असतानाचा हात त्यांनी मोजलाच नव्हता. आज तो दुप्पट उडत होता.

“दारू उतरेल नही वाटस,” अमृत मागून म्हणाला.

कमलबाई वळल्या. “तू तुन्ही टपरीवर जाय. तठे माश्या मारत बैस.”

कोणीतरी हसलं. तेवढ्या हसण्यात रतिलालभाऊंना आवाज सापडला. “साहेब, एक आकडा बदलनं पडी. तुमनासमोर बदलस.”

“मध्येच? चालू परीक्षेत?”

“तुमीच देखा ना काय भरेल शे आतमा. तुमले तेच देखानं व्हतं ना?”

त्यांनी कोड उघडला. पडदाभर इंग्रजी, आणि प्रत्येक दोन-तीन ओळींनंतर स्वतःला समजावं म्हणून देवनागरीत लिहिलेली अहिराणी. साहेब वाकून वाचायला लागले. त्यांचे ओठ हलत होते. ‘आठे हातनी थरथर मोजस.’ ‘आते हात थांबना. दिवा लाव.’ आणि सगळ्यात खाली, जिथून क्लिक बाहेर पडतं तिथे, ‘समोरना मानूसनी बटन दाबं तवयच क्लिक. नहीतर नही.’

“क्लिक फक्त इथूनच जातं?” साहेबांनी विचारलं.

“फक्त आठून.”

साहेबांनी स्वतः ‘क्लिक’ शब्द शोधून बघितला. पूर्ण फाईलमध्ये क्लिकची ओळ एकच निघाली. रतिलालभाऊंनी तीनचा आकडा सहा केला. तो एक अंक टाईप करायला त्यांना चार प्रयत्न लागले. फर्मवेअर बोर्डात चढवलं. माऊस मेला, बाण गोठला. पाच सेकंद, दहा. मग बाण हलला.

‘हयात’वर दिवा पेटला.

मी सुटकेचा श्वास सोडणार, तेवढ्यात साहेब म्हणाले, “थांब. हिला वाचता येतं का?”

“नाही,” मी म्हटलं.

“मग तू सांगशील तिथे दाबेल ती. ह्यात आणि त्यात फरक काय? ऊठ.” त्यांनी रतिलालभाऊंना उठवलं आणि स्वतः खुर्चीत बसले. “कोणी बोलायचं नाही. ताई, तुम्ही तर मुळीच नाही.”

साहेबांनी करवंटी धरली, जराशी सरकवली. बाण ‘मयत’वर गेला. दिवा पेटला. पडद्यावर काय आहे ते आम्हा सगळ्यांना दिसत होतं, आणि जिचं नाव होतं तिला कळत नव्हतं. मी बोलले असते तर परीक्षा तिथेच संपली असती.

“हं, रमिलाबाई,” साहेब म्हणाले. “दिवा लागला. दाबा.”

रमिलाबाईंचा हात उठला. कापसाच्या बोंडांनी ओरबाडलेली, काळी, जाड बोटं. त्यातलं एक बटणावर टेकलं. रतिलालभाऊ भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

एक सेकंद धरलं की संपलं.

बोट टेकलेलं होतं, दाबलेलं नव्हतं. रमिलाबाईंनी साहेबांकडे बघितलं, मग दिव्याकडे, मग परत साहेबांकडे.

“वाच,” त्या म्हणाल्या.

“अहो, दाबा म्हणतोय ना मी.”

“आधी वाच.”

“मी साहेब आहे.”

“हो. वाच.”

ओट्यावर कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. साहेबांचे कान लाल झाले. ते पडद्याकडे वळले आणि त्यांना मोठ्याने वाचावं लागलं. “मयत.”

गरम तव्याला लागल्यासारखं बाईंनी बोट मागे घेतलं. दुसऱ्या हाताने ते धरून ठेवलं, आणि आमच्या बोलीत साहेबांना जे ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही. साहेबांनी मला विचारलं, काय म्हणाल्या? मी म्हटलं, त्या म्हणतात, तुमचं वाचन स्पष्ट आहे.

साहेबांनी करवंटी सरकवली. दिवा विझला, पेटला. “हयात,” त्यांनी न सांगता वाचलं.

रमिलाबाईंनी बटण दाबलं आणि धरून ठेवलं. सेकंद केव्हाच होऊन गेला, अर्ज गेला, पावती आली, तरी त्या बोट काढेनात. शेवटी कमलबाईंनी त्यांचा हात अलगद उचलला.

उरलेले चार अर्ज रतिलालभाऊंनी भरले. चौथा नोजीबाईंचा होता. त्यांनी बटण दाबायच्या आधी पदर नीट केला. एकही चूक नाही. साहेबांनी अहवालात काय लिहिलं ते मी वाकून वाचलं: केंद्र चालू ठेवावे, घरगुती उपकरणाबाबत वरिष्ठांचा निर्णय येईपर्यंत वापरास हरकत नाही, क्लिक अर्जदाराच्या हाती. निर्णय अजून आलेला नाही. उद्या कोणी खुर्चीवाला येऊन करवंटी काढून घेऊ शकतो, म्हणून हे लिहिलं. आणि ‘नशेत’ हा शब्द मी ज्यांना ज्यांना पाठवला होता त्यांच्यापर्यंत हेही पोचावं म्हणून लिहिलं.

अमृत परवा अर्ज भरायला आला होता म्हणे. रतिलालभाऊंनी त्याचाही भरला. कमलबाईंनी त्याला चहा दिला नाही.

आता तुमच्याकडे एकच मागणं आहे. पुढच्या वेळी कुठल्याही केंद्रात, कुठल्याही खिडकीवर तुमच्या नावाचा अर्ज कोणी भरत असेल, तर बाकावर बसून राहू नका. उठा, टेबलाशी जा, आणि त्याचं बोट दाबायच्या आधी त्याला रमिलाबाईंसारखं म्हणा: आधी वाच.